चिखलही जड असतो

भोईरकाकूंचा फोन आला तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. "सर गेले गो," एवढंच त्या म्हणाल्या. त्याला आता दीड महिना झाला. डोंबिवलीच्या कॉलेजात भोईर सर आम्हाला जीवशास्त्र शिकवायचे. ते खाडीकाठच्या कोळ्याच्या घरातले. वर्गात अगदी शुद्ध बोलायचे, पण विषय रंगला की गावची बोली हळूच डोकं वर काढायची.

ऐंशीच्या दशकात आमच्या पुस्तकात डीएनएवर जेमतेम चार पानं होती. सरांनी त्यांना महिना दिला. "डोळ्याच्या पेशीत नखाचेही जीन असतात. मग डोळ्याला नखं का येत नाहीत?" असं त्यांनी एकदा विचारलं. मग उत्तरही त्यांनीच दिलं. जीनच्या सुरुवातीला डीएनएचा एक छोटा भाग असतो, प्रमोटर. ठरावीक प्रोटीन तिथे येऊन बसलं की तो जीन वाचला जातो, किंवा वाचायचा थांबतो. "पण एवढ्या लांब धाग्यात प्रोटीनला आपली जागा सापडते कशी?" मी विचारलं. "ते तू शोध," सर हसून म्हणाले. मी अशी खुळी, की खरंच शोधायला गेले.

पीएच.डी.ची तीन वर्षं एकाच प्रोटीनच्या मागे गेली. प्रमोटरच्या तुकड्याला किरणोत्सारी खूण करून तो जेलच्या, म्हणजे खळीसारख्या पातळ थराच्या, आतून विजेच्या जोरावर पळवायचा. एकटा असला तर तो झरझर खाली जातो. प्रोटीन चिकटलं की मागे रेंगाळतो आणि एक्स-रे फिल्मवर वरच्या बाजूला एक काळी पट्टी उमटते. एके दिवशी ती पट्टी उमटली, ठसठशीत! प्रबंध त्याच पट्टीवर उभा राहणार होता. आमचं घर ठाकुर्लीला, पण मी घरी न जाता फिल्म घेऊन थेट सरांकडे गेले.

सरांनी ती खिडकीशी धरली. बराच वेळ बघितली. "परकं डीएनए घालून बघितलंस?"

नव्हतं बघितलं. दुसरं कुठलंही डीएनए भरपूर घातल्यावर प्रोटीन तिकडे गेलं, तर ते प्रमोटर ओळखतच नव्हतं, दिसेल त्याला चिकटत होतं. हे मला माहीत होतं. पण आनंदाच्या भरात ते करायचंच राहिलं होतं.

"जाळं जड लागलं म्हणून जिताडाच आला असं नसतं गो. चिखलही जड असतो."

मला राग आला. "सर, बेडूक कापण्याइतकं सोपं नाही हे," असं बोलून गेले, आणि फिल्म तिथेच टाकून निघाले. आज लिहितानाही जीभ चावावीशी वाटते.

दुसऱ्या दिवशी परकं डीएनए घातलं. पट्टी गायब! चिखलच होता. पुढचं दीड वर्ष प्रोटीन शुद्ध करण्यात गेलं. अखेर परकं डीएनए कितीही घातलं तरी हलत नाही, अशी पट्टी मिळाली, आणि प्रबंध झाला. पेढे घेऊन गेले तेव्हा सरांनी दोन खाल्ले, नवी फिल्म डोळे भरून पाहिली. जुन्या दिवसाचा विषय त्यांनी काढला नाही, मलाही माफी मागायचं धैर्य झालं नाही. ती राहिलीच.

दिवसकार्य झाल्यावर काकूंनी खाकी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं. माझी ती पहिली फिल्म. "तू रागावून गेलीस ना, त्या दिवशी जेवले नाहीत," काकू म्हणाल्या. "सारखे म्हणत होते, देवा, माझीच शंका खोटी ठरू दे. पोरीचं खरं निघू दे."

फिल्म आता माझ्या प्रयोगशाळेच्या खिडकीत लावली आहे. काल माझी विद्यार्थिनी धावत आली, हातात ओली फिल्म, चेहरा फुललेला. मी फिल्म उजेडात धरली. परकं डीएनए घातलंस का, हे विचारायच्या आधी मीही मनात तेच म्हटलं... देवा, पोरीचं खरं निघू दे.