कंबर भागिले सहा

पुस्तकांच्या दुकानात जाऊन पुस्तकाला टेप लावणारी बाई मी आयुष्यात एकच पाहिली. आमच्या शिवणबाई. वापीच्या बाजारातलं दुकान, शनिवारची दुपार, आणि बाई गळ्यातला टेप काढून भूमितीच्या पुस्तकातल्या त्रिकोणाच्या बाजू मोजतायत. "इथे लिहिलंय तिन्ही बाजू सारख्या. ही खालची बघ, चांगली एक सूत मोठी. खोटारडं पुस्तक! ठेव तिकडे." सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. हे शिंप्यांना ठाऊक, सुतारांना ठाऊक, फक्त पुस्तकं छापणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. अशी सहा पुस्तकं खोटारडी ठरली तेव्हा दुकानदार उठून उभाच राहिला. "बेन, चोपडी वांचवानी होय, मापवानी नहीं!" पुस्तक वाचायला असतं, मापायला नाही, म्हणे. बाई म्हणाल्या, "भाऊ, ब्लाऊजपण घालायलाच असतो. म्हणून काय न मोजता शिवायचा?" त्यावर त्याने आमच्या डोक्यावरचा पंखा बंद केला.

शिवणाच्या बाईंचं भूमितीच्या पुस्तकांशी काय काम, असं तुम्ही विचाराल. सांगते. सिल्वासातल्या आमच्या मराठी शाळेचे गणिताचे सर मी आठवीत गेले त्या जूनमध्ये नोकरी सोडून मसाटच्या एका प्लास्टिक कंपनीत सुपरवायझर झाले. त्यांना तरी काय बोलणार? ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत कंपन्या कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या, आणि ज्याला फळ्यावर सरळ रेघ ओढता येते त्याला कुणीही उचलून नेत होतं. नवा मास्तर मिळेना. तेव्हा हेडसरांनी शिवणबाईंना बोलावलं आणि म्हणाले, "बाई, तुमच्याकडे टेप आहे, खडू आहे, कात्री आहे. भूमितीला आणखी काय लागतं?" हेडसर विनोद करत होते. बाईंनी तो विनोद मनावर घेतला. मग मात्र हेडसर गंभीर झाले. "तपासणीचे साहेब येईपर्यंत सांभाळा. ते चालेल म्हणाले तर तास तुमचा. नाही म्हणाले तर तुमचं मशीन आहेच."

बाई धुळ्याकडच्या. नवरा लवकर गेला, मूलबाळ नाही, टोकरखाड्यात आमच्याच चाळीच्या टोकाला दोन खोल्या. उंची बेताची, आवाज मात्र पार मैदानापलीकडे जाणारा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्याकडे पाठ करून सांगून टाकलं, "पोरीहो, पोरांनो, मी मॅट्रिकला गणितात नापास झालेली आहे. भूमितीनं पाडलं मला. म्हणून शिवणाकडे गेले. आता पंचवीस वर्षांनी ती माझ्या हाती सापडलीय. मी काही तिला सोडून नाही राहिले." आम्ही टाळ्या वाजवल्या. व्हरांड्यातून जाणाऱ्या हेडसरांनी कपाळाला हात लावला.

बाईंना भूमिती शिकवता येत होती का? अहो, छे! बाई आमच्यासोबत शिकत होत्या, फक्त आमच्यापेक्षा मोठ्याने. पण त्यांची एक अट होती. जे हातात धरता येत नाही ते फळ्यावर काढायचं नाही. काटकोन हवा? कागद घ्या, कसाही फाटका चालेल, एकदा दुमडा, मग घडीवर घडी येईल असा पुन्हा दुमडा. झाला काटकोन. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज? तिन्ही टोकं फाडा आणि शेजारी शेजारी लावा, खाली सरळ रेघ येते का बघा. समांतर रेषा म्हणजे सुरवारीच्या दोन टिपा. "भेटल्या की सुरवार बिघडली." आम्ही घरातले सगळे कागद कापून संपवले. माझ्या आईची एक बरी उशी त्या वर्षी चौकोनी होती ती षटकोनी झाली, आणि त्यासाठी मी सणसणीत मारही खाल्ला.

वापीच्या त्या दुकानात शेवटी एक पुस्तक पास झालं. बारीक, कागद मळकट, मुखपृष्ठावर छपाईत डोळे फिसकटलेला एक मुलगा. पण आत पानोपानी "दुमडा", "कापा", "जोडून पाहा" असं लिहिलेलं. बाईंची पुस्तकाची परीक्षाच ती होती. पान वाचून झाल्यावर कात्री शोधावीशी वाटली पाहिजे. ज्या पुस्तकात नुसतं "सिद्ध करा, सिद्ध करा" असतं त्याला त्या म्हणायच्या, "मेलं, सारखं दरडावून राहिलंय. माझ्या सासूसारखं."

आता ऑगस्टमधली गोष्ट. आमच्याकडून पोर्तुगीज गेले त्या मुक्तिदिनाच्या कार्यक्रमात आठवीच्या मुलींचा नाच होता आणि बारा घेरदार घागरे हवे होते. बाईंना वाटलं, वर्तुळाचा धडा याहून चांगला कुठे मिळणार? शिवायचे ते, पण मुलींनीच. कृती सोपी. कापडाची चौघडी करायची, घडीच्या कोपऱ्यावर टेपचं टोक दाबून धरायचं, आणि कंबर भागिले सहा इतक्या अंतरावर खडूने गोलाई काढायची. कंबर चोवीस, तर चार इंच. कापली की मधोमध कंबरेचं भोक तयार. "कंबर भागिले सहा" हा मंत्र बाईंना त्यांच्या शिवणाच्या गुरूंनी दिलेला, त्यांना त्यांच्या गुरूंनी. आम्ही तो पाढ्यासारखा म्हणत म्हणत बारा घागरे कापले. शाळेकडे कापड कमी होतं म्हणून कंबरेला पट्टा नाही, नाडी नाही, नुसता हुक.

पाहुणे पुढच्या रांगेत. गाणं सुरू झालं. दुसऱ्या कडव्याला गिरकी होती. मी गिरकी घेतली आणि घागऱ्याने मात्र घेतली नाही. तो खाली उतरला. आत शाळेची निळी चड्डी होती म्हणून अब्रू बचावली, पण मागून दुसरीचा गेला, तिसरीचा गेला, आणि उरलेल्या नऊ जणींनी एका हाताने घागरा धरून दुसऱ्या हाताने नाच पुरा केला. लोकांना वाटलं तसाच नाच आहे. टाळ्या प्रचंड पडल्या. मी पडद्यामागे जाऊन जी रडले ती रडले! बाई सारख्या म्हणत होत्या, "उरेब कापड गं, शैले. तिरकं कापलं की ताणतं. नेहमी मी पट्ट्यात दोन चुण्या घालून दाबून टाकते."

आणि तो "नेहमी" बाईंच्या स्वतःच्याच कानाला टोचला. दुसऱ्या दिवशी तासाला आल्या त्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा घेऊन. "कागद तर ताणत नाही ना? कापा चोवीसची कंबर." आम्ही चौघडी केली, चार इंचावर गोलाई काढली, कापली. बाईंनी टेप उभा धरून भोकाच्या कडेने फिरवला. पंचवीस इंच आणि एक सूत. पुन्हा कापला. पुन्हा पंचवीस आणि एक सूत. बाई खुर्चीत बसल्या. "वीस वर्षं झाली. वीस वर्षं मी कापडाला शिव्या देऊन राहिले. हा वरचा इंच येतो कुठून?"

तो इंच शोधायला आम्हाला आठ दिवस लागले. माझे वडील मसाटला बादल्यांच्या कारखान्यात होते, त्यांनी रिजेक्ट झाकणं आणून दिली, लहानमोठी वीसएक. कुणी बांगड्या आणल्या, कुणी पिठाचा डबा, एकाने सायकलचं चाकच. प्रत्येकाची आडवी रुंदी मोजायची, मग कडेचा घेर मोजायचा. प्रत्येक वेळी घेर रुंदीच्या तिप्पट, आणि वर थोडासा. झाकण असो की चाक, तो थोडासा काही चुकेना. रुंदीचा सातवा भाग, बस. मग बाईंनी ते मळकट पुस्तक उघडलं, वर्तुळाच्या पानावर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं. बावीस सप्तमांश. म्हणजे तीन, आणि वर एक सातवा भाग. बाईंचे डोळे भरून आले. "हे बघा. यांनापण आपला इंच सापडलेला आहे." मग एकदम चिडल्या. "हे मी मॅट्रिकला घोकलं होतं गं! बावीस भागिले सात, बावीस भागिले सात. एकानं तरी सांगायचं होतं की हे कंबरेत असतं म्हणून!" मला त्या क्षणी बाई इतक्या आवडल्या की माझ्या घागऱ्याचा सगळा राग गेला.

दिवाळीनंतर साहेब आले. सफारी सूट, पोट सफारीच्या पुढे. आधी ऑफिसात बसून त्यांनी बाईंचे कागद पाहिले, आणि वर्गात आले ते चेहरा पाडूनच. मागे हेडसर, त्यांचा चेहरा त्याहून पडलेला. साहेबांनी मला उभं केलं. "वर्तुळाचा परीघ कसा काढतात?" मी म्हटलं, "कंबर घेऊन, साहेब." साहेबांनी हेडसरांकडे पाहिलं. हेडसरांनी छताकडे पाहिलं. मी म्हटलं, "साहेब, शिंपी कंबरेला सहाने भागतो. त्याचा घागरा सैल होतो. किती सैल होणार ते आम्ही आधीच सांगू शकतो. तुमची कंबर किती?"

साहेबांना काही सुचायच्या आत बाईंचा टेप त्यांच्या पोटाभोवती होता. "श्वास सोडा, साहेब. पोट आत घेऊ नका, माप खोटं येतं. बेचाळीस!" मी फळ्यावर मांडलं. बेचाळीस भागिले सहा, सात. भोकाची रुंदी त्याच्या दुप्पट, चौदा. चौदाच्या तिप्पट बेचाळीस, आणि चौदाचा सातवा भाग दोन. "दोन इंच सैल, साहेब." चार वर्तमानपत्रं चिकटवून वर्गाने घागरा कापला, साहेबांनी स्वतः टेप धरला. चव्वेचाळीस भरले. त्यांनी पुन्हा मोजलं. मग त्यांना काय वाटलं कोण जाणे, तो कागदी घागरा त्यांनी सफारीवरून कंबरेला लावून पाहिला आणि हसत सुटले. असे हसले की कागद फाटला.

पण साहेब शेवटी साहेब. घागऱ्याच्या चिंध्या झटकत ते म्हणाले, "शिकवता झकास. पण मॅट्रिक नापास बाईंकडे गणित आहे, हे मी लिहून कसं देऊ? पुढच्या जूनपासून दोन वर्षं देतो. मॅट्रिकचं गणित काढा. नाही जमलं तर तास सोडावा लागेल." बाई म्हणाल्या, "बरं." एवढंच.

बाईंनी बाहेरून फॉर्म भरला. भूमितीची काळजी नव्हती, खरा वैरी होता बीजगणित. "क्ष म्हणजे काय, दाखव मला. टेप कुठून लावू याला?" त्यातल्या पहिल्या मार्चमध्ये, मी नववीत असताना, त्या परीक्षेला बसल्या आणि निकालाच्या दिवशी सगळ्या चाळीला ऐकू जाईल असं त्यांनीच सांगितलं, "अठ्ठावीस. पस्तीसचं माप होतं. सात कमी. घट्ट झालं." हसल्या, पण त्या संध्याकाळी मशीनचा आवाज आला नाही.

आता एकच वर्ष उरलं होतं. मी दहावीला गेले होते. शाळेत बाई मला शिकवायच्या आणि घरी मी बाईंना. मी चिडायचे, त्या माझ्याहून जास्त चिडायच्या. "क्ष ला काही अर्थच नाही, शैले!" एकदा मी वैतागून म्हटलं, "बाई, गिऱ्हाईक माप न सांगता जुना ब्लाऊज टाकून जातं, तेव्हा तुम्ही काय करता?" "काय करणार? ब्लाऊजवरून माप काढते." "तेच. न सांगितलेलं माप म्हणजे क्ष. बाकीचं सगळं समीकरण म्हणजे ब्लाऊज." बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मी घाबरलेच. मग त्यांनी स्टोव्ह पेटवून माझ्यासाठी शिरा केला, भरपूर तूप घालून.

परीक्षेला आमचं केंद्र एकच होतं. दारावर तपासणाऱ्या माणसाने बाईंच्या गळ्यातला टेप काढून घेतला. "मौसी, यह अंदर नहीं चलेगा." तीन तास बाई माझ्या पुढच्या बाकावर बसल्या होत्या, पोरासोरांच्या मधोमध, पिकायला लागलेला अंबाडा, आणि सारखा हात रिकाम्या गळ्याकडे जात होता. मी माझा पेपर सोडून तो हातच पाहत होते. देवाला मी त्या दिवशी माझ्यासाठी काहीएक मागितलं नाही.

बाई पुढे निवृत्त झाल्या, धुळ्याकडे भावाकडे राहायला गेल्या आणि तिथेच वारल्या. पत्र पोचलं तेव्हा तेरावासुद्धा होऊन गेला होता. मी तोवर स्वतःच गणिताची बाई झाले होते. पुस्तकवाले अजून माझ्यासमोर पुस्तकं ठेवायला कचरतात. पत्र हातात घेऊन मी खूप रडले, आणि रडता रडता मला तो दहावीच्या निकालाचा दिवस आठवला. शाळेच्या भिंतीवर यादी लागली होती, तिच्यासमोर ही गर्दी. मला माझे मार्क दिसायच्या आधी गर्दीतून कोपरं मारत बाई बाहेर आल्या. टेप पुन्हा गळ्यात. माझ्या दोन्ही खांद्यांना धरून त्यांनी मला गदागदा हलवलं.

"छत्तीस, शैले! पस्तीसच्या मापाला छत्तीस! एक सैल झाला. होऊ दे, शिवणीत जाईल."