गाणकट्ट्यावरचं धुरपताबाईचं खातं

माझी सासू धुरपताबाई हदगाव तालुक्यात गाणारी बाई म्हणून मशहूर होती. होती म्हणते, म्हणून लगेच हळहळू नका. बाई ठणठणीत हाय, माझ्या आधी उठून अंगण झाडते. फक्त आवाज गेलाय. नांदेडला गळ्याचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी आतलं स्वरयंत्रच काढलं आणि गळ्याला भोक ठेवलं. आता तिथूनच श्वास घेते. बोलणं म्हणजे सगळे हातवारे.

शाळेची पायरी कव्हा चढली न्हाई, पण खुरपता खुरपता गाणी जुळवायची. ‘पाटी घे गं लेकी, शाळा उभी दारी’ हे तिचंच. आमच्या वस्तीत भीमजयंतीच्या स्टेजवर पहिलं गाणं धुरपताबाईचं, असा रिवाजच पडला होता. बाकीच्या बाया नुसती मागून झील धरायच्या. कडवी तिची तिलाच ठाव, आणि दर साली एखादं नवं जोडायची.

एका साली कुठल्याशा गायन पार्टीनं हेच गाणं आपल्या नावावर खपवलं. माझ्या नवऱ्याचं, संघपालचं, डोकंच सणकलं. ते पंचायत समितीत कारकून हायत, तसे थंड डोक्याचे, पण त्या दिवशी जेवले न्हाईत. “माय, जन्मभर राबलीस ते दुसऱ्याच्या नावावर गेलं,” म्हणाले, “गाणं जाऊ देणार न्हाई. तुझं नाव लागलंच पाहिजे.”

लातूरच्या काही पोरांनी गाणकट्टा नावाचं ॲप काढलेलं. गावोगावचे लोक त्यावर आपली गाणी टाकतात, एकमेकांना वाहवा देतात. संघपालनं तिथं आईच्या नावानं खातं उघडलं आणि मोबाईलात भरून ठेवलेली तिची सगळी गाणी चढवली. एवढ्यावर थांबले न्हाईत. कट्टेवाल्यांशी भांडभांड भांडले, की खातं कुणाचं हे आवाजावरून ठरवा. चोराला नाव उचलता येतं, गळा उचलता येत न्हाई. त्या पोरांना पटलं. कुणाचं खातं अडकलं तर त्यानं मशीनपुढं बोलायचं किंवा गायचं, जुन्या गाण्यांशी आवाज जुळला तरच खातं उघडणार. आमचे हे त्यानंतर गावात छाती काढून फिरले.

पुढं ऑपरेशन झालं. तवापासून दुपारची भांडी उरकली की आत्या, सासूला मी आत्याच म्हणते, माझा मोबाईल मागायच्या. मी गाणकट्टा लावून द्यायची. त्या आपलंच गाणं ऐकत ओठ हलवायच्या. “किती ऐकता हो स्वतःलाच,” मी चिडवायची. मला हातानंच गप बस म्हणायच्या. पण ते ऐकणं म्हणजे त्यांचं जेवण होतं, हे मला कळत होतं.

मग कट्ट्यावर गाण्यांचा ढीग झाला. कट्टेवाल्यांनी सगळ्यांना इचारलं, वर्षभरात ज्यानं काही टाकलं न्हाई, लिहिलं न्हाई, त्याचं खातं आणि जुनी गाणी काढून टाकायची का? बहुतेकांनी हो म्हटलं. संघपालनं बी हो म्हटलं. भाकर मोडता मोडता मला सांगितलं, “निम्मी खाती मेलेल्या माणसांची असतील. उगं अडगळ.”

एका दुपारी आत्यांनी मोबाईल माझ्यापुढं धरला. त्यांच्या नावावर बोट ठेवलं तर नुसता पांढरा पडदा आणि खाली एक ओळ, हे खातं काढण्यात आलं आहे. मला वाटलं नेट गेलं. बंद करून चालू केला, परत तेच. मग संघपालला फोन लावला. हापिस सोडून आले, मोबाईल बघितला आणि उंबऱ्यावरच बसले.

“तुमच्या मोबाईलात असतील की गाणी?”

“पुसली मागंच. मोबाईल भरला होता. म्हटलं, तिथं हायत की.”

माझी जीभ लई वाईट. पण त्यांचं तोंड असं राखेवानी झालं होतं की मला बोलवलंच न्हाई. खातं आईचं हाय आणि आई गप झालीय, एवढी साधी गोष्ट पोटच्या पोराच्या डोक्यात आली न्हाई.

लातूरला फोन केला. कट्टा चालवणारा आदिनाथ म्हणाला, काढलेलं आठवडाभर बाजूला राहतं, रविवारी कायमचं पुसलं जाईल, खातेदाराला घेऊन या. दुसऱ्याच दिवशी आम्ही एसटी धरली. आत्यांनी जयंतीचं पांढरं पातळ नेसलं होतं.

आदिनाथची खोली झेरॉक्सच्या दुकानावर. पोरगा भला होता. जयभीम म्हणाला, पाणी दिलं, आणि आत्यांकडं बघून हसला. मग त्याची नजर गळ्यावर गेली. हसू गेलं.

“काका, तुम्ही फोनवर बोलला न्हाईत हे,” तो संघपालला म्हणाला.

“माणूस तुमच्या पुढ्यात बसलंय,” मी म्हटलं. “आधार कार्ड हाय. उघडा की खातं.”

“माझ्या हातात न्हाई, ताई. चोरी होऊ नये म्हणून आम्हीच तसं करून घेतलंय. आवाज जुळला तरच मशीन उघडतं.”

“आणि रोज ऐकणाऱ्या बाईला तुम्ही मेलेली कशी धरली?”

“ऐकलेलं मोजलं जात न्हाई. काही टाकलं, लिहिलं, तर माणूस हाय असं धरतो.”

“मग आमच्या वस्तीतल्या निम्म्या बाया मेल्या म्हणा की,” मी म्हटलं. “जुनं काढायचंच होतं तर दारात येऊन एकदा इचारायचं. गप बसलेल्या माणसाला घर रिकामं कर म्हणता येतं व्हय?”

तेवढ्यात आत्या उठल्या. टेबलावरचा माईक उचलला, आदिनाथला हातानं खूण केली, लाव. आणि माईक गळ्याच्या भोकाला धरला.

नुसता वारा. फस्स, फस्स. पण मी ओळखलं. त्या फसफशीला ठेका होता, ‘पाटी घे गं लेकी’चा. पुरं कडवं म्हटलं त्यांनी. भोकातून कफ आला, पदरानं पुसला आणि झील बी म्हटली. मी इतकी वर्षं त्यांच्या घरात हाय, पण असं काही बघितलं नव्हतं.

पडद्यावर अक्षरं उमटली. आत्यांना वाचता येत न्हाई. त्यांनी परत माईक धरला, परत तेच कडवं. परत तीच अक्षरं.

काय लिवलंय, त्यांनी हातानं इचारलं. संघपाल तोंड फिरवून जिन्याकडं गेले. आदिनाथनं मान खाली घातली. राहिले मी.

“आत्या,” मी म्हटलं, “लिवलंय, हा आवाज तुमचा न्हाई. खातं बी तुमचं न्हाई.”

मला वाटलं, भडकतील, माईक आपटतील. आपटला असता तर बरं झालं असतं. त्यांनी तो टेबलावर नीट ठेवला, गळ्याच्या भोकावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून मान हलवली. हाव, खरं लिवलंय.