बिनरंगाचा हिरवा

ओतूरच्या स्टँडवर पुण्याची एसटी लागली, तेव्हा बाबूजी माझ्याशी बोलत नव्हते. कापडाचं दुकान बंद ठेवून पोचवायला मात्र आले होते. मारवाडी जैन घरातली पोरगी, लग्नाआधी एकटी हॉलंडला, तेही प्रकाशावर संशोधन करायला! नातेवाइकांची तोंडं त्यांनी एकट्यानं बंद केली होती. गाडी हलता हलता खिडकीशी येऊन म्हणाले, "हातात धरून दाखवता यील असं कायतरी आण. लोकांना मी काय सांगू?"

नव्वदीचं दशक संपत आलं होतं. गावी राहिलेल्यांनो, माझ्यासारखं उडालेल्यांनो, हा प्रश्न आपल्या सगळ्यांच्याच मानगुटीवर होता.

लॅबमध्ये मी फोटॉनिक क्रिस्टल करायचे. डोळ्यांना न दिसणारे काचेचे मणी, थरावर थर. त्यात एका ठरावीक रंगाच्या प्रकाशाला शिरताच येत नाही. तो मागे फिरतो आणि आपल्याला दिसतो. मधली एखादी ओळ बदलली, की त्यालाच वाट मिळते, हवा तिथं वळवता येतो. खुद्द प्रकाश माझं ऐकतो, केवढी ऐट होती मला! फोनवर सगळं सांगायचे. बाबूजी म्हणायचे, "बरं. जेवलीस का?" फोन ठेवून मी रडायचे.

सुट्टीत एक नमुना घेऊन बाबूजींच्या दुकानात आले, काचेच्या पट्टीवर, मोरपंखी हिरवा. "यात रंगाचा थेंब नाही, नुसती रचना आहे," मी म्हटलं. बाबूजींनी चष्मा लावला आणि जन्मभर कापडाचं करत आले तेच केलं. रंग पक्का आहे का बघायला पाण्याचं बोट लावलं.

"अहो, घासू नका!" मी ओरडले.

हिरवा फिकटला, लालसर झाला. गिऱ्हाईकं हसली. "गेला की रंग," बाबूजी पुटपुटले. त्यांचा चेहरा एवढासा झाला, मला बघवेना. "फटींत पाणी शिरलंय. वाळू द्या." आम्ही दोघं पट्टी धरून पंख्याखाली बसलो. कडेकडेनं हिरवा परत आला, जसाच्या तसा.

"अगं बया!" मढ गावाहून साडी घ्यायला आलेल्या एक मावशी म्हणाल्या.

बाबूजी उभेच राहिले. "आमच्या पोरीनं केलंय! लई शिकली ती."

पट्टी अजून गल्ल्याशेजारी आहे. मी इकडची, हॉलंडचीच झाले, माझी मुलं आपापसात डच बोलतात. परवा बाबूजींचा फोन होता, "पिंपळवंडीचं पावणं आलं व्हतं. पाणी लावून दाखवलं, तर घाबरलं की! म्हटलं, बसा राव, चहा घ्या, येतोय रंग परत."

घर म्हणजे मला आता तेवढंच. ओतूरला चहा संपेपर्यंत माझ्या हिरव्याची वाट बघत कुणीतरी बसलेलं असतं.