राख आणि राखड

इतवारीतून सकाळची बस धरली. मांडीवर पितळी डबा, डब्यात माझी बायको सुमन, म्हणजे तिची रक्षा (चितेची राख). तिचं माहेर कन्हान नदीकाठी. "मले माह्या नदीतच सोडजा," एवढंच तिनं सांगून ठेवलं होतं.

कामठीला बस बिघडली. टपरीवर भजी घेतली. बाजूची बाई म्हणाली, "डबा खाली ठेवा ना गा बाबाजी, कोणी नेऊन नाही राहिलं."

"बायको हाय त्यात."

तिनं आपली अर्धी भजी माझ्या कागदावर सरकवली.

बस सुधारल्यावर कन्हानला पोचलो. घाटावर पाटी होती: नदीत राख, फुलं टाकू नका, पर्यावरण वाचवा. पाटीखाली खुर्ची टाकून पहारेकरी बसला होता.

"बाबाजी, रक्षा टाकाले मनाई हाय. नदी खराब होते."

पाणी सिमेंट कालवल्यासारखं. वरच्या वळणावर वीजघराचा पाइप राखड (जळलेल्या कोळशाची राख) ओतत होता.

"त्याहिले पाटी वाचता येत नाही काय गा?"

"ते कंपनीचं हाय. माहा पोरगा तिथंच कामाले हाय. काहून बोलू?"

"युनियन नाही काय?"

"हाय ना. पगाराचं बोलते."

"मंग पाणी कोणतं पेते तुहा पोरगा?"

"बाटलीचं."

मी जन्मभर गिरणीत राबलो, लाल बावट्याखाली. मालक आपला घाम फुकटात नेतो, हे तिथं शिकलो, शाळेत नाही. नदीही त्यानं तशीच नेली. आम्ही संप तरी केला. नदी कुठं संप करते? अन् पोराची रोजी दाखवून बापाचं तोंड शिवायचं, ही मालकाची जुनीच रीत.

पहारेकऱ्यानं खुर्ची फिरवली. "सोडा लवकर. मी पाहून नाही राहिलो."

पाण्यात उतरलो. पाय राखडीत रुतले. आधी नुसती ओंजळ बुडवून पाहिली, तर तळहात करडे झाले. डबा अजून उघडलाही नव्हता. यात तिला सोडणं माझ्यानं झालं नाही.

संध्याकाळच्या बसनं दोघंही परत आलो. एकजण म्हणतो नदी वाचवा, दुसरा म्हणतो मजूर वाचवा. दोघं एका बाकावर बसत नाहीत, अन् मालक मधल्या जागेतून पाइप नेतो. निघताना पहारेकऱ्याला विचारून घेतलं, त्याच्या पोराच्या युनियनची सभा रविवारी असते. तिथं जाऊन मी पाण्याचं बोलणार आहे. हाकलतील तर हाकलोत. तोवर सुमन घरीच राहील.