खिडकीजवळच्या मावशी ‘नाही’ म्हणाल्या

नागपूरच्या इतवारीतल्या आमच्या गल्लीत सिमेंटचा रस्ता करायला घेतला आणि भांड्यांचं दुकान आठवडाभर बंद ठेवायची वेळ आली. हातगाडीसुद्धा आत येईना. नवरा म्हणाला, "तू जाऊन ये कुठंतरी. दोघांनी धूळ खाण्यात काय अर्थ आहे?" त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी बेंगळुरूचं तिकीट बघायला घेतलं होतं. तिथून म्हैसूर. एकटीनं, हिवाळ्यात, एक पाठीवरची पिशवी घेऊन.

जाणाऱ्यांसाठी आधी कामाचं सांगते. नागपूरहून बेंगळुरूला थेट विमान आहे, दोन तासांच्या आत पोचवतं. महिनाभर आधी तिकीट काढलं तर परवडतं. माझ्यासारखं ऐनवेळी काढलं तर नवऱ्याला आकडा सांगू नये. विमानतळापर्यंत मेट्रो छान, पण स्टेशनवरून टर्मिनलला जायला पुन्हा ऑटो करावा लागतो. सकाळचं विमान असेल तर तर्री-पोहे घरूनच खाऊन निघा. आतला चहा गरम असतो, एवढंच त्याच्याबद्दल चांगलं बोलता येईल.

माझी जागा वाटेच्या कडेची होती. मधल्या जागेवर पांढरी टोपी घातलेले एक काका आणि खिडकीशी त्यांची बायको, म्हणजे मावशी. रामटेकच्या पुढच्या एका गावचे, धान पिकवणारे. हे मला बसल्या बसल्या कळलं, कारण काका शेजारच्याशी ओळख केल्याशिवाय बसूच शकत नाहीत अशा जातीचे. मुलगी बेंगळुरूला असते, तिच्याकडे निघाले होते. दोघांचाही विमानाचा पहिलाच प्रवास.

"अवं, हा पट्टा असा ओढ," काका मावशींना शिकवत होते. त्यांना स्वतःला ते हवाई सुंदरीनं नुकतंच शिकवलं होतं. "आता खट् वाजलं का?"

"वाजलं."

"मंग झालं! आता तू कुठी पडत नाई."

खिडकीतून कोवळं ऊन येत होतं. ते मावशींच्या हिरव्या लुगड्यावर आणि पट्टा तपासणाऱ्या काकांच्या बोटांवर पडलं होतं. मी ब्लॉग लिहिते, म्हणजे माझा हात आपोआप फोनकडे जातो. पण निदान विचारायची सवय मी लावून घेतली आहे.

"काका, तुमचा दोघांचा एक फोटो काढू का? मी प्रवासाबद्दल लिहिते, त्यात टाकीन."

"काढा ना! काहून नाई!" काकांनी टोपी सरळ केली, पाठ ताठ केली.

"नाई," मावशी म्हणाल्या. "मले नाई काढायचा."

आवाजात राग नव्हता. दुकानात नको असलेलं पातेलं बाई जशी परत सरकवते, तसं म्हणाल्या. काका ओशाळले. "तिले आवडत नाई फोटो," त्यांनी मला समजावलं.

"आवडत नाई असं नाई," मावशी खिडकीबाहेर बघत म्हणाल्या. "आज नाई पायजे."

मी "बरं मावशी" म्हटलं आणि फोन पिशवीत टाकला. खरं सांगायचं तर जरा खट्टू झाले. इतका सुंदर फोटो होता तो! कारण विचारावंसंही वाटलं. जीभ आवरली.

विमान पळायला लागलं तसा काकांनी मावशींचा हात घट्ट धरला. कुणी कुणाला धीर दिला ते सांगता येणार नाही. चाकं जमिनीवरून सुटली, खाली घरं, रस्ते, मग शेतांचे तुकडे लहान लहान होत गेले. मावशी कपाळ काचेला टेकवून बघत होत्या. त्यांचे खांदे हलताना दिसले तेव्हा कळलं, त्या रडताहेत.  काका त्यांच्या हातावरून हात फिरवत राहिले.

मी नजर वळवली आणि वाटेपलीकडचा फोन दिसला.

तिशीतला एक माणूस, नीटनेटका शर्ट, गळ्यात कंपनीचं ओळखपत्र. तो पुढे वाकून, माझ्यावरून मावशींकडे फोन धरून व्हिडिओ काढत होता. चेहऱ्यावर कौतुक होतं. वाईट हेतू असता तर मला भांडायला सोपं गेलं असतं. मी पुढ्यातल्या खिशातलं मासिक काढलं आणि त्याच्या फोनसमोर उघडून धरलं.

"अहो मॅडम," तो हळूच म्हणाला, "किती गोड क्षण आहे. पहिला विमानप्रवास, डोळ्यांत पाणी. लोकांना खूप आवडेल."

"त्यांना विचारलंत?"

"विचारलं तर नैसर्गिक येत नाही ना. आणि मी चांगलंच लिहिणार आहे खाली."

"त्यांनी मला फोटोला नाही म्हटलंय. आत्ताच."

"फोटो वेगळा," तो म्हणाला. मग त्यालाच ते पटलं नसावं, कारण त्यानं फोन थोडा खाली घेतला. पण व्हिडिओ पुसला नाही. "शिवाय ही काही कुणाच्या घरातली जागा नाही. सगळ्यांना दिसतंच आहे."

माझा आवाज चढणार होता. तेवढ्यात मावशींनी मान वळवली. डोळे पदरानं पुसले. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"काय काढून राहिले भाऊ तुम्ही?"

तो गडबडला. "काही नाही काकू, तुमचा छान व्हिडिओ..."

"मले दाखवा."

फोन वाटेवरून माझ्या हातात, माझ्या हातातून काकांच्या, तिथून मावशींच्या हातात गेला. मावशींनी स्वतःचं रडणं शेवटपर्यंत पाहिलं. काकांनी पाहिलं नाही. ते समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसले.

"चांगला काढला," मावशी म्हणाल्या. "पण भाऊ, मी रडून राहिली होती. ते माह्यं होतं. तुमाले दिसलं, त्याले इलाज नाई. विमानच एवढंसं. पण दिसलं म्हणून घेऊन जायचं काय?"

तो माणूस लाल झाला. फोन परत घेतला, व्हिडिओ पुसला आणि मी काही बोलायच्या आत पुसलेल्या व्हिडिओंच्या कप्प्यात जाऊन तिथूनही काढून टाकला. रिकामा कप्पा मावशींकडे वळवून दाखवला.

"चुकलं माझं, काकू."

"असू द्या. जेवले का सकाळी?"

मग मावशींनी डबा उघडला. सांभारवड्या! ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: आमच्याकडे सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि तिचं सारण भरून तळलेली ही वडी हिवाळ्यातच खावी. पहिली वडी वाटेपलीकडे गेली. तो ती खाताना मान वर करत नव्हता. दुसरी मला मिळाली. काका म्हणाले, "आता जिथी जाऊन राहिलो तिथी वरणाले सांबार म्हणतात म्हणे. काय दुनिया आहे बाप्पा!" मावशी हसल्या. सकाळपासून पहिल्यांदाच.

विमान उतरल्यावर त्या माणसानं वरच्या कप्प्यातली त्यांची जड पिशवी खाली काढली आणि सामानाच्या पट्ट्यापर्यंत वाहून नेली. जाताना मावशींना वाकून नमस्कार केला. मला मात्र नुसती मान हलवली. मी मासिक आडवं धरलेलं बहुधा अजून विसरला नव्हता.

त्यांच्या सामानाची वाट बघत मीही थांबले, तेव्हा काका माझ्याजवळ सरकले. "बाई, मगाशी मी तयार झालो होतो फोटोले. ते राहूनच गेलं."

मावशी म्हणाल्या, "काढ वं त्यायचा. एकट्याचा काढ. लय हौस हाय."

काका उजेडात उभे राहिले. मावशी माझ्या खांद्याशी येऊन सूचना द्यायला लागल्या. "टोपी सरळ करा. पोट आत घ्या. अवो, इकडं पाहा, तिकडं काय पाहता!" काका इकडे बघून असे हसले, की मी बटण दाबून टाकलं. फोटोत ते कॅमेऱ्याकडे बघतच नाहीत. थोडं बाजूला, माझ्या खांद्यापलीकडे बघताहेत. तो फोटो मी तिथल्या तिथे काकांना पाठवला. इथे तुम्हाला तो दिसणार नाही. काकांची हरकत नव्हती, पण तो तुमच्या-माझ्यासाठी हसलेला माणूस नाही.

विमानतळावरूनच म्हैसूरला थेट सरकारी बस मिळते. साधारण चार तास लागतात, सीट आरामाची, वाटेत एका ठिकाणी थांबते. तिथली फिल्टर कॉफी चुकवू नका. म्हैसूरला मी जुन्या बाजाराजवळच्या साध्या लॉजमध्ये राहिले. राजवाडा सकाळी लवकर बघा, दुपारी सहलींच्या बसेस येतात. मऊ डोसा लोण्याच्या गोळ्यासकट येतो, तो गोळा नको म्हणू नका.

बाजारात फुलांची ओळच्या ओळ आहे. फोटो काढण्याआधी मी फोन नुसता वर करून दाखवायचे आणि भुवया उंचावायचे. कानडी येत नाही, पण हे सगळ्यांना कळतं. एका फुलवालीनं मान हलवली, नाही. मी हसून पुढे गेले. तिच्या शेजारणीनं मला हातानं थांबवलं, स्वतःच्या केसांत गजरा माळला, कुंकू नीट केलं आणि मग राणीसारखी बसली. तो फोटो वर आहे, तिच्या खुशीनं. न विचारता काढला असता तर गजऱ्याशिवायची बाई मिळाली असती.

परत आले तेव्हा गल्ली अर्धीच झाली होती आणि दुकानातल्या प्रत्येक हंड्यावर सिमेंटची साय होती. ती पुसता पुसता हे लिखाण डोक्यात तयार झालं. पण लिहिणं म्हणजेसुद्धा घेऊन येणंच की. म्हणून टाकण्याआधी काकांच्या नंबरावर फोन केला. मावशींनी उचलला. मी त्यांना सगळं वाचून दाखवलं, त्या व्हिडिओसकट, रडण्यासकट. 

"मावशी, ऐकताय ना?"

"आयकून राहिली. नाव नको टाकू. गावही नको. बाकी राहू दे." मग त्या म्हणाल्या, "त्या दिवशी तू काहून म्हणून इचारलं नाई."

"नाही विचारलं."

"म्हणून सांगतो तुले."

आणि त्यांनी सांगितलं. फोटो का नको होता, शेतं लहान होताना डोळे का भरून आले. मी हंड्यांच्या मधोमध जमिनीवर बसून ऐकलं. शेवटी म्हणाल्या, "हे लिहायसाठी नाई हं पोरी. तुह्याजवळ ठेव."

फोन ठेवला तेव्हा नवरा फडकं घेऊन दारात उभा होता. माझा चेहरा बघून त्यानं विचारलं, "काय म्हणाल्या?"

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "तिकडे थंडी कमी आहे म्हणे."

त्यानं पुढे विचारलं नाही. शेजारी बसला आणि दुसरा हंडा पुसायला घेतला.