सरसाचा वास

आज बाजाची पेटी दुरुस्त करणाऱ्यानं गॅलरीत लाकूड चिकटवायचा सरस तापवला आणि मी नाक दाबलं. त्या कुजकट वासाबरोबर आमच्या नौपाड्यातल्या घरचा एकावन्न-बावन्न सालचा दसरा आठवला.

माझ्या थोरल्या अक्कानं सुके रंग सरसात कालवून सरस्वती काढली होती. निळा काय सुंदर उतरला होता! चित्र पूजेच्या पाटावर, वडिलांच्या, म्हणजे अण्णांच्या, तबल्याशेजारी मांडलं. तेवढ्यात काका नाक दाबत म्हणाले, "सरसाचा वास येतोय! अरे, जनावरांची हाडं-कातडी उकळून करतात तो."

"शी! देवापुढे मेलेलं जनावर?" अण्णांनी चित्र चिमटीत धरून दारापुढच्या गटारात टाकलं, हात धुतले आणि तबल्याला हळदकुंकू वाहिलं.

"अण्णा, तबल्यावरही बकऱ्याचं कातडंच आहे ना?" अक्कानं विचारलं. उत्तर म्हणून तिच्या थोबाडीत बसली.

संध्याकाळी अण्णा तेच कातडं बोटांनी गोंजारत वाजवत होते आणि काका मान डोलावून "वा!" म्हणत होते. बाहेर गटारात निळा रंग सुटत होता. अक्कानं पुन्हा कधी ब्रश धरला नाही.

आज मी सरसाची वाटी मुद्दाम नाकाशी धरली. वास एवढा काही वाईट नाही. शिसारी येते ती त्या "वा!"ची.