कंपनीच्या टाकीतली कोळशी

मच्छिंद्र वडगाव रासाईचा आणि मी त्याच्याच पाळीतला. कुरकुंभच्या आमच्या औषध कंपनीत तो सांडपाण्याच्या प्लांटवर होता. शुद्ध केलेलं पाणी बाहेर सोडण्याआधी माशांच्या टाकीतून जायचं. मासे जिवंत म्हणजे पाणी चांगलं, एवढी साधी खूण! पण वीज वाचवायला साहेब हवेचा पंप बंद ठेवत. मासे मरत. तपासणीआधी मेलेले काढून नवे सोडायचं काम मच्छिंद्रकडं होतं, आणि तेवढ्यावरच तो पर्मनंट होणार होता. आम्ही सगळे मिठाची गुळणी धरून बसलो होतो.

मासे तो भीमेतून आणायचा. त्याची आई जाईबाई जाळं टाकायची, बाजारात मासे विकायची. आखाडात गिऱ्हाइकं गाभोळीचेच, अंड्यांनी भरलेले मासे मागतात. ही बाई नेमके तेच परत पाण्यात सोडायची. वर सुनवायची, "खाणारानं मागितलं न्हाई, तर धरणारा धरंल कशाला?"

नव्व्याण्णवच्या आखाडात अचानक तपासणी लागली. जाळ्यात दहा कोळशी मासे, सगळे गाभोळीचे. जाईबाई हात लावू देईना.

"आई, कंपनी पाळणार हाय त्यास्नी. पिल्लं व्हतील," मच्छिंद्र म्हणाला.

म्हातारी एवढी हरखली, की तिनं स्वतःच दुधाच्या किटलीत मासे भरून दिले.

तपासणी पार पडली. मच्छिंद्र पर्मनंट झाला. तिसऱ्या दिवशी दहाही मासे उताणे तरंगत होते. त्यानं ते माझ्यासमोर पुरले, तेव्हा फुटलेली गाभोळी त्याच्या हाताला लागली होती. मला त्याचा राग आला. स्वतःचा जास्त आला.

इकडं जाईबाईनं गावभर केलं. "कंपनीवाले मासं पाळत्यात, आन् तुमाला गाभोळी सोडवत न्हाई व्हय?" लाजून बायका खरंच गाभोळीचे मासे घेईनाशा झाल्या. मग मच्छिंद्रला खरं सांगायला तोंडच उरलं नाही. पिल्लं केवढी झाली, असं आई विचारी. तो वीत दाखवी.

तरीही दोन वर्षांत नदीतली कोळशी दिसेनाशी झाली. जाईबाईनं किटली घासून त्याच्या गाडीला अडकवली.

"आपल्या दहाची शंभर झाली आसतील. चार जोड्या माग सायबाकडं. डोहात सोडू."

किटली अजून गाडीला आहे. रिकामी येते, रिकामी जाते. साहेब रजेवर हायत, असं तो घरी सांगतो. जाईबाई मात्र डोहात कुणाला जाळं टाकू देत नाही. म्हणते, आपलं मासं यायचं हायत.